पद्मिनी डावीकडे कलते

टिन फॅक्टरीपाशी मागून ‘ठण्ण’ असा आवाज आला. स्टॉपचं नावच टिन फॅक्टरी. असा आवाज इथे नाही येणार तर कुठे, असं म्हणून मी आमची पद्मिनी गाडी तशीच पुढे दामटली. के. आर. पुरमचा हँगिंग ब्रिज ओलांडून घर येईपर्यंत पद्मिनीही काही बोलली नाही. सकाळी मात्र वॉचमन खालून ओरडला, “सार, गाडी ओंदु कडे वालिदे!” म्हणजे, एका बाजूला कललीये. जाऊन पाहतो तर मागचा डावा कोपरा खाली टेकायला आलेला. जिना चढताना मध्येच गुडघा धरून बसलेल्या आजीसारखी गाडी बसली होती.

गेली बत्तीस वर्षं आमच्या गाडीत पुढची डावी सीट बायकोची. ती गॅलरीतून बघत होती. मी एकदा गाडीकडे आणि एकदा वर पाहिलं. एवढंच.

“वर कशाला बघताय?”

“मी काही म्हटलं का?”

“तेच विचारतेय. काही म्हणत का नाही आहात?”

त्या दिवशी चहा मी केला.

गाडी 1988ची, वडिलांची. तिच्या दर्शनी भागाइतकाच तिचा गोतावळाही आमच्या घरात पूज्य. कारण ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली असली, तरी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. आम्हीही सोलापूरचे. एवढं नातं वडिलांना पुरेसं होतं. तिला ते ‘आपल्या वालचंदशेठची गाडी’ म्हणत, जणू शेठजींनी स्वतः किल्ली हातात दिली होती. मूळ कुळ इटलीचं, फियाट 1100चं. इथे येऊन आधी प्रेसिडेंट आणि मग चितोडच्या राणीच्या नावाने पद्मिनी झाली. सासरी आल्यावर नाव बदलायची रीत मोटारींनाही सुटली नाही.

बंगळुरूत राहायला आल्यावर मला कळलं की इथेही शेठजी आधीच येऊन गेलेत. मोटारींच्या कारखान्याला 1944 साल उजाडलं. त्याआधी, 1940च्या डिसेंबरात, त्यांनी म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन इथे विमानांचा कारखाना काढला, तोच पुढे एचएएल झाला. आमच्या घरावरून त्या बाजूचं एखादं विमान घरघरत गेलं की मी खाली पद्मिनीकडे बघतो. एकाच माणसाची दोन लेकरं, एक आभाळात आणि एक पार्किंगमध्ये, तीही वाकडी.

जुन्या मद्रास रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत आमचे मिस्त्री बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांची बोली दखनी, त्यामुळे कन्नड न येणाऱ्या सोलापूरकराला तिथे माहेर मिळतं. “नक्को साब, हात नक्को लगाओ,” असं ते म्हणाले की परकं वाटतच नाही. तो ‘नक्को’ आपल्याच घरून गेलेला. आणि जोर द्यायला शेवटी लावतात तो ‘च’ही आपलाच. गाडीखाली सरपटत जाऊन ते दोन मिनिटांत बाहेर आले आणि म्हणाले, “पाटाच टूटा.”

ज्यांनी कधी गाडीखाली डोकावलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पद्मिनीला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात, पण मागे बैलगाडीच्या काळापासून चालत आलेले पाटे. लांबटुळक्या पोलादी पट्ट्या, सगळ्यात लांब वर, त्याखाली एकेक आखूड, मध्ये एका बोल्टने ओवलेल्या आणि यू आकाराच्या बोल्टांनी आक्सलला आवळलेल्या. एकत्र कुटुंबच ते. खड्डा आला की सगळे थोडे थोडे वाकतात, एकमेकांवर घासतात, कुरकुरतात, आणि परत जागेवर येतात. वरच्या पाट्याची टोकं वळवून त्यात बुश बसवलेले असतात. घरातला कर्ता तो. आमच्याकडे त्याच्या खालचा तुटला होता, बरोबर मधल्या बोल्टच्या भोकापाशी.

“वहींच टूटता,” चाचा म्हणाले. कारण साधं आहे. भोक पाडलं की तिथे पोलाद कमी. यू बोल्ट घट्ट असेपर्यंत तो भाग हलत नाही, म्हणून निभावतं. बोल्ट सैल पडले की वाकणं थेट भोकापर्यंत पोचतं, आणि हजारो खड्ड्यांनंतर एके दिवशी टिन फॅक्टरी येते.

“पर डावाच का?” मी भावनेच्या भरात मराठीत विचारलं.

चाचांनी मागचं दार उघडलं, सीटच्या फटीत दोन बोटं घातली आणि तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर पाच-सहा दाणे होते. ज्वारीचे.

इथे कबुली द्यायला हवी. बंगळुरूत ज्वारी मिळते. अर्धं कर्नाटक ज्वारीवर जगतं. पण मंगळवेढ्याची मालदांडी ती मालदांडी, तिला भौगोलिक मानांकन उगाच मिळालेलं नाही, असं आमच्या आत्याचं मत, आणि आत्याच्या मतापुढे सोलापुरात कुणी बोलत नाही. त्यामुळे वर्षातून दोनदा विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग करत पन्नास किलोचं पोतं इकडे येतं, शेंगाचटणीचे डबे वेगळे. लहानपणी मुलगा मागे उजवीकडे बसायचा, म्हणून पोतं डावीकडे. मुलगा मोठा होऊन पुण्याला गेला. पोतं बाजू बदलायला तयार नव्हतं.

मी बायकोला फोन करून ती निर्दोष असल्याचं कळवलं. “मला माहीत होतं,” ती म्हणाली. त्या दिवशीही चहा मीच केला.

आता नवा पाटा. आधी जे. सी. रोडला गेलो. काउंटरवरच्या मुलाने पद्मिनी हे नाव बाईचं समजून आत आईला विचारलं. मग शिवाजीनगरच्या भंगारबाजारात. शहाजीराजांची जहागीर असलेल्या गावात शिवाजीनगरात एका मराठी माणसाला एक पाटा मिळू नये, असं मी तिथल्या एकाला ऐकवलंही. त्याने शांतपणे अँबेसेडरचा पाटा दाखवला. मुंबईने 30 ऑक्टोबर 2023ला शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला निरोप दिला, लोकांनी डोळे पुसले, वर्तमानपत्रांनी पानं भरली. त्यापेक्षा चार पाटे जपून ठेवले असते तर बरं झालं असतं.

शेवटी चाचाच म्हणाले, बनवून घेऊ. हायवेलगत ट्रकचे पाटे दुरुस्त करणारी एक भट्टी आहे. तिकडे जाण्याआधी जुना जुडगा सोडवायचा होता. दोन जॅक, लाकडी ठोकळे, आक्सल वेगळं पेललेलं, आणि गंजलेल्या नटांवर रात्रभर डिझेल. सकाळी चाचांचा पोऱ्या हातोडा घेऊन बसला तो दुपारपर्यंत. भट्टीवाल्याने तुटलेल्या पाट्याचे दोन तुकडे जमिनीवर जोडून ठेवले, खडूने माप घेतलं, पोलादी पट्टी लाल केली, वाकवली, तेलात बुडवली. फस्स झालं आणि धुराचा लोट उठला. मग परत थोडी तापवली. नुसतं बुडवलेलं पोलाद काचेसारखं फुटतं, असं त्याने सांगितलं. “दुसरी बाजूपण करा,” चाचांनी बजावलं. एकच बाजू नवी केली तर गाडी उजवीकडे कलेल. म्हणजे संशय माझ्यावर.

दोन्हीकडचे पाटे ग्रीस लावून चढले. बुशचे बोल्ट चाचांनी गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळले. अधांतरी आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात.

पण उतरवलेली गाडी बघून मला धडकीच भरली. मागून चांगली चार बोटं वर! पोळ्याच्या बैलासारखी शेपटी उंच करून ती उभी, आणि दिव्यांचा झोत रस्त्यावरच्या मुंग्यांवर. घरी नेल्यावर वॉचमनने नुसतेच हात जोडले. मी परत चाचांकडे.

“नवा पाटा है साब, ऐसाच रहता,” चाचा म्हणाले. “पीछे वजन रखके पंदरा दिन फिराओ. बैठ जाता.”

“किती वजन?”

“दो बोरे.”

मी तिथूनच सोलापूरला फोन लावला. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

“एक शिवून ठेवलंय,” ती म्हणाली. “दुसरं उद्या शिवते. आणि या खेपेला एक डावीकडे ठेव, एक उजवीकडे.”