सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की

संगणकशास्त्र विभागाची सूचना म्हणजे एका बाजूने छापलेला, जावक क्रमांक घातलेला आणि खाली दोन सह्यांची जागा सोडलेला ए-फोर कागद. ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की’ या शब्दांनी तिची सुरुवात होते आणि ‘याची सर्वांनी नोंद घ्यावी’ या शब्दांनी शेवट. मधे एकच वाक्य असते. त्यात तारीख, वेळ, स्थळ, शासन निर्णयाचा संदर्भ आणि धमकी हे सगळे बसवलेले असते. धमकीचा मजकूर ठरलेला आहे : मुदतीनंतर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही व होणाऱ्या नुकसानीस विद्यार्थी स्वतः जबाबदार राहील.

बीड जिल्ह्यात ही सूचना तयार होण्याची रीत अशी. कार्यालयातला लिपिक ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतो. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण लिपिकाचा हात त्याआधीच्या कळफलकावर बसलेला असतो आणि बसलेला हात उठवणे हे विभागाच्या अधिकारात येत नाही. ही फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरे, टक्के आणि कंस यांची रांग दिसते. म्हणून फाइल पाठवत नाहीत. कागद छापतात, त्यावर सही घेतात, शिक्का मारतात, मोबाइलने त्याचा फोटो काढतात, फोटोची पीडीएफ करतात आणि ती ग्रुपवर टाकतात. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली त्यात कॅमस्कॅनरही होते. पण ज्या मोबाइलमध्ये ते आधीच बसले होते, तिथून आलेल्या सूचनांच्या तळाशी त्याचे नाव पुढेही उमटत राहिले. चार ओळींचा मजकूर अशा रीतीने चार एमबीचा होतो. याच विभागात तिसऱ्या वर्षाला डेटा कॉम्प्रेशन शिकवतात.

सूचना दोन दिशांनी येतात. जिल्ह्यातली बी.एस्सी., बी.सी.ए. चालवणारी महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला. अभियांत्रिकीवाल्यांचे विद्यापीठ लोणेऱ्याला, म्हणजे सह्याद्रीपलीकडे रायगड जिल्ह्यात. तेही डॉ. बाबासाहेबांच्याच नावाचे आहे. त्यामुळे ‘विद्यापीठाचं परिपत्रक आलंय’ अशी बातमी फुटली की अंबाजोगाईच्या चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न ‘कोणत्या?’ असा येतो आणि तो सुटेपर्यंत पोरांचे दोन कट चहा होतात.

बातमी खरोखर पोचते ती दोन ग्रुपमधून. पहिल्याच्या नावात ‘ऑफिशियल’ असते. त्यात सर सूचना टाकतात आणि त्याखाली साठ जण ‘ओके सर’ लिहितात, त्यामुळे सूचना वर सरकून दिसेनाशी होते. दुसऱ्या ग्रुपमध्ये सर नसतात. ‘उद्या खरंच यायचंय का?’ याचे उत्तर तिथे मिळते.

भिंतीवरचा फलक हे या व्यवस्थेचे सर्वांत जुने अंग. तो बहुधा काचेच्या पेटीत असतो, पेटीला कुलूप असते आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे असते. नव्या सूचना म्हणून काचेवर बाहेरून चिकटवतात. तरीही फलकाला कमी लेखता येत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले, तेव्हा क्लाउड कम्प्युटिंगचा पेपर शिकवणाऱ्यांनाही ऑनलाइन काही कळवण्याची सोय उरली नव्हती. फलक शाबूत होता. फक्त तो वाचायला घराबाहेर पडण्याची परवानगी नव्हती. लांबलचक मजकुराचे जिल्ह्याला वावडे नाही, हेही नोंदवायला हवे. दासोपंतांनी अंबाजोगाईत आपले ‘पंचीकरण’ सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर लिहिले. नव्या शैक्षणिक धोरणाचे वेळापत्रक लावायला तेवढे कापड पुरले असते किंवा नसते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हे राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांना २०२४-२५ पासून लागू झाले. त्यापूर्वी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विषय माहीत असायचे, आता टोपल्या माहीत असाव्या लागतात : मुख्य विषय, खुला ऐच्छिक, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, सहअभ्यासक्रम. प्रत्येक टोपलीत काही श्रेयांक असतात आणि ते शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात. खाते उघडताना आधारवरचे नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि महाविद्यालयातले नाव एकच असावे लागते. वडिलांचे नाव एका ठिकाणी ‘राव’ लावून आणि दुसऱ्या ठिकाणी ‘राव’ न लावता लिहिलेले असेल तर बँक त्या मुलाला ओळखत नाही. पहिल्या सत्रातला निम्मा वेळ या ‘राव’च्या मागे सेतू केंद्रावर जातो. डेटाबेसमधली प्राथमिक किल्ली ही संकल्पना त्याला तिथेच समजते. वर्गात ती चौथ्या सत्रात शिकवतात.

याच सुमारास प्रवेशाचीही एक बातमी आली. बी.सी.ए. अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेला आणि २०२४ मध्ये राज्याने त्यासाठी प्रथमच सीईटी घेतली. बारावीनंतर सरळ येऊन अर्ज भरायचा या सवयीने ज्यांना परीक्षा झाल्याचे उशिरा कळले, त्यांच्यासाठी अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. बी.एस्सी. संगणकशास्त्राला अशी परीक्षा नाही. अनेक ठिकाणी दोन्ही वर्गांची प्रयोगशाळा एक, शिक्षक एक, पंखा एक; एका दारातून येणाऱ्याला प्रवेश परीक्षा, दुसऱ्यातून येणाऱ्याला ती नाही. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून पहिले दारच बुजवले.

कार्यक्रमांपैकी सर्वाधिक संख्येने होणारा प्रकार म्हणजे अतिथी व्याख्यान. त्याचा विषय ‘सद्यःस्थिती, संधी आणि आव्हाने’ हा असतो. अलीकडे त्यामागे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ जोडतात, पूर्वी ‘बिग डेटा’ जोडत. सूचनेत वेळ अकराची असते आणि पाहुणे पावणेबाराला येतात. समई विझू नये म्हणून सभागृहातले पंखे बंद करतात, दीपप्रज्वलन होते, पंखे परत सुरू होतात आणि समई विझते. मग प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल, पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक (पुष्पगुच्छही असतोच), प्रास्ताविक, परिचय. प्रास्ताविकात विभागाच्या स्थापनेपासूनची प्रगती येते. परिचयात पाहुण्यांच्या शोधनिबंधांची संख्या वाचून दाखवतात, त्यावर पाहुणे मान खाली घालतात. साडेबाराला प्रोजेक्टर सुरू केला की भिंतीवर निळा चौकोन उमटतो आणि ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे येतात. केबल लॅब असिस्टंटकडे असते, तो पाहुण्यांच्या जेवणाचे बघायला गेलेला असतो. एम.सी.ए. झालेली तीन आणि नेट-सेट झालेली दोन माणसे त्या वायरीचे टोक काढून फुंकर मारतात. शेवटी पाहुणे ‘असंच बोलू या’ म्हणतात आणि वीस मिनिटे बोलतात. अध्यक्षीय समारोप अर्धा तास चालतो.

व्याख्यान झाले नाही तरी चालते, फोटो न होऊन चालत नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही संस्था १९९४ साली बंगळुरूत स्थापन झाली. तिच्या सात निकषांपुढे ठेवायचा पुरावा म्हणून अक्षांश-रेखांशासह काढलेली छायाचित्रे लागतात. त्यासाठीचे अ‍ॅप फोटोच्या कोपऱ्यात नकाशा, तारीख आणि ‘अक्षांश १८.९९, रेखांश ७५.७६’ असे काहीतरी छापते. बीड शहर तिथेच आहे याची खात्री पटते. ठिकाण निश्चित करायला जीपीएसला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. म्हणजे दहा-बारा पोरांसमोर झालेल्या व्याख्यानालाही अंतराळातून चार साक्षीदार असतात. फोटोसाठी मागच्या बाकांवरच्यांना पुढे बसवतात, बी.कॉम.चा चालू तास सोडवून आणतात, मुलींना पहिल्या रांगेत घेतात. बॅनरवर तारखेच्या जागी कोरी पट्टी ठेवण्याची काटकसरही रूढ आहे. नंतर फीडबॅक फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र येते. फॉर्मची लिंक कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच फिरू लागते आणि गावाकडे बसलेली मुलेही ‘अत्यंत समाधानी’ या पर्यायावर टिचकी मारतात. तक्रारी येतात त्या प्रमाणपत्रावरच्या नावाच्या स्पेलिंगबद्दल, व्याख्यानाबद्दल कधीच नाही.

त्याखालोखाल हॅकेथॉन. केंद्र सरकारची स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासून होते. संघात सहा जण लागतात आणि त्यांत किमान एक मुलगी असावी असा नियम आहे. या नियमामुळे सप्टेंबरात प्रत्येक वर्गात पाच-पाच मुलांचे अनेक संघ सहाव्या सदस्येच्या शोधात हिंडतात. ती मिळाल्यावर कोड तीच लिहिते आणि पाच जण सादरीकरणाची तयारी करतात. संघाला समस्या निवडायची असते. बीड जिल्ह्यात ती पाण्याची असते : जमिनीतला ओलावा मोजून मोटार चालू-बंद करणारे यंत्र. अर्डुइनोची पाटी, दोन काट्यांचा संवेदक, प्लास्टिकच्या पेल्यात पाणी. संवेदक पेल्यात बुडवला की हिरवा दिवा लागतो, टाळ्या होतात. विहिरीला पाणी नसेल तर मोटार चालू करून काय उपसायचे, असा प्रश्न परीक्षक विचारत नाहीत, कारण गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही.

पालक मेळावा हा कार्यक्रम दुसऱ्या सत्रात, साधारण जानेवारीत घेतात. जिल्ह्यातली लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांचे पट्टे पडले की, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात आणि हिशेब कोयत्यावर असतो. त्यामुळे जानेवारीत धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागांतल्या कितीतरी मुलांचे पालक फडात असतात. मेळाव्याच्या उपस्थितीपटावर मात्र सह्या पूर्ण भरतात. एखादा मुलगा वडिलांची सही वळणदार इंग्रजीत करतो. वडील अंगठा लावतात हे विभागाला माहीत नसते. ‘पालकांनी पाल्याच्या स्क्रीन टाइमकडे लक्ष द्यावे’ असा ठराव एकमताने मंजूर होतो. घरी म्हातारी आजी, धाकटी भावंडे आणि दोन शेळ्या सांभाळून प्रॅक्टिकलला येणाऱ्या मुलीला ७५ टक्के उपस्थितीची नोटीस याच आठवड्यात मिळते.

प्रात्यक्षिक परीक्षेची बातमी सर्वांत गुप्त आणि सर्वांत आधी माहीत असते. अनेक प्रयोगशाळांत सी भाषा आजही टर्बो सी वर चालते. बोरलँड कंपनीने ते १९८७ साली काढले आणि सी भाषेचे अमेरिकी प्रमाणीकरण १९८९ साली झाले. अर्थात विद्यार्थी जे लिहितो ते प्रमाण भाषेच्या आधीचे असते. निळ्या पडद्यावर उत्तर आले नाही तरी बिघडत नाही, कारण ते जर्नलमध्ये आधीच निळ्या पेनाने लिहिलेले असते. बहिःस्थ परीक्षक शेजारच्या तालुक्यातून येतात आणि पुढच्या आठवड्यात इथले सर तिकडे जातात.

शैक्षणिक सहल पूर्वी बसने जाई. अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेमार्ग १९९५ साली मंजूर झाला, त्याच वर्षी विंडोज ९५ बाजारात आली. बीडहून अहिल्यानगरची गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी सुटली आणि पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला. गाडी आली म्हणून सहलीच्या अर्जातला ‘औद्योगिक भेट, पुणे’ हा मजकूर बदललेला नाही आणि सहलीचा शेवट महाबळेश्वरला होतो हेही.

पुण्याशी विभागाचा खरा संबंध नोकरीचा. कॅम्पस मुलाखतीची सूचना ‘६० टक्के, बॅकलॉग नको’ या अटीसह येते, तेव्हा ऑफिशियल ग्रुपवर शांतता असते. पोलीस किंवा तलाठी भरतीची जाहिरात आली की तीच मुले पहाटे पाचला मैदानावर असतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. जानेवारी २०२४ मध्ये गुणवत्ता यादी लागली, तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत एकाला २१४ गुण पडलेले दिसले. वेगवेगळ्या सत्रांतल्या प्रश्नपत्रिका समान पातळीवर आणण्याचे गणित, म्हणजे नॉर्मलायझेशन, हे त्याचे कारण होते. राज्यभर त्यावर गदारोळ झाला. सांख्यिकीचा हा धडा अभ्यासक्रमात आहे आणि त्या एका आठवड्यात तो विद्यार्थ्यांनी आपण होऊन वाचला.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी निरोप समारंभ होतो, त्यात रडतात आणि डीजे लावतात. पदवीसाठी ऑनलाइन अर्ज, त्याची छापील प्रत, चलन आणि दोन फोटो द्यावे लागतात. यानंतर विद्यार्थी माजी होतो. माजी विद्यार्थी मेळाव्याचेही ‘नॅक’च्या पाचव्या निकषात गुण आहेत, त्यामुळे हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्याला, गेवराईत मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकणाऱ्याला आणि भरतीसाठी अजून धावणाऱ्याला एकच पीडीएफ जाते. मेळावा रविवारी असतो, पीडीएफ सोमवारी येते. सोबत फोटोत दिसणाऱ्यांनी आपापला सध्याचा हुद्दा कळवावा अशी विनंती असते.