अभिरुची: सुधारित आवृत्ती

मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्याच्या आसपासची कुठलीही जुनी सोसायटी घ्या, तिथे एक तरी संगीतदर्दी काका असतोच. बँकेतून निवृत्त, पायजमा इस्त्रीचा, आणि "पुन्हा लिहायला घेतलंय हं!" हे वाक्य जिन्यातच ऐकवणारा. कॉलेजात रोजनिशी लिहायचे म्हणे. मग लग्न, प्रमोशन, सकाळची लोकल. आता वही उघडलीय ती एलआयसीची १९९८ सालची डायरी. फुकट मिळालेली म्हणून टाकवली नाही. छापलेले वार खोडून नवे लिहिता लिहिताच चहा गार होतो.

विषय: 'माझा सांगीतिक प्रवास'. काकांचा प्रवास पहिल्याच पानावर थेट देवासला पोचतो. कुमार गंधर्वांना क्षय झाला, हवापालटासाठी ते देवासला गेले, तिथली माळवी लोकगीतं त्यांच्या गाण्यात उतरली, हे सगळं काका इतक्या सलगीनं लिहितात, जणू औषधाच्या पुड्या हेच पोचवत होते. प्रत्यक्षात कालिदासमधल्या मैफलीत विलंबित सुरू झालं की काकांची मान डुलते खरी, पण ती झोपेनं.

दुसरं पान किशोरीताईंचं. तेही बरं जमलं. तिसऱ्यावर गाडी अडली, कारण काकूंनी वाचलं.

"अहो, दाढी करताना काय म्हणता ते लिहा की. दादा कोंडक्यांचं. मधल्या वाद्यांसकट म्हणता!"

"ते कानावर पडलेलं गं. अभिरुची वेगळी."

पुरावा म्हणून काकांनी माळ्यावरून खोका उतरवला आणि कुमारांच्या निर्गुणी भजनांची कॅसेट माझ्या हातात ठेवली. विकतच्या कॅसेटवर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून वरच्या कडेला दोन खाचा असत. त्यांवर सेलोटेप चिकटवला की मात्र हवं ते भरता येई. काकांच्या कॅसेटच्या दोन्ही खाचांवर पिवळा पडलेला सेलोटेप. मी बटण दाबलं. 'पांडू हवालदार'. उलटून लावली, तरी तेच. निर्गुणावर दोन्ही बाजूंनी सगुण भरलेलं!

दुसरा कुणी ओशाळला असता. काका मात्र उजळले.

"याचं संगीत कुणाचं माहितेय? राम-लक्ष्मण! १९७५. दोघांतले राम पुढे लवकरच गेले. नागपूरच्या विजय पाटलांनी जोडीचं नाव एकट्यानं चालवलं आणि १९८९ला 'मैंने प्यार किया' दिला. लताबाई गायल्यात त्यात. फिल्मफेअर मिळालं! म्हणजे मी पंधरा वर्षं आधीच ओळखलं होतं."

यात चौदा की पंधरा हा हिशेब बँकेतल्या माणसाला शोभणारा नव्हता. पण मला काकांचा हा उत्साह त्यांच्या देवासपेक्षा कितीतरी खरा वाटला. हार्मोनियम कुठे येते, ढोलकी कुठे उचलते, हे त्यांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. एक मात्रा चुकली नाही. कुमारांवर बोलताना बोटं नेहमी कपाळाला असतात.

मग डायरीत तिसरं पान सजलं: 'लोकसंगीताचे माझ्यावरील संस्कार'. कोंडके शीर्षकात नव्हते, चौथ्या ओळीत होते, तेही 'शाहिरी परंपरेचे पाईक' म्हणून.

काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"आणि बप्पी लाहिरी?"

"त्यांना परिशिष्टात टाकतोय," काका म्हणाले.