मीटर पळतं, बिल निघत नाही

दीपनगरच्या औष्णिक केंद्रात विजेचं युनिट न् युनिट मोजलं जातं, त्याचे पैसे होतात. शेजारच्या क्वार्टरमध्ये अहिराणी गाणी करणाऱ्या पोऱ्याचंही मीटर पळतं. बिल तेवढं निघत नाही. स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम असा, की वर्षभरात १,००० वेळा वाजल्याशिवाय गाण्याला दमडी नाही. यूट्यूबच्या जाहिरातीत वाटा हवा, तर १,००० सबस्क्रायबर आणि वर लोकांनी पाहिलेले ४,००० तास. (एवढ्या तासांत कांदा निघतो.) पण ‘हाई झुमकावाली पोर’ हे अहिराणी गाणं कोटी व्ह्यूजमध्ये गेलं ना, मग आशा सुटत नाही. हळदीत डीजेवाला या पोऱ्याचं गाणं चारदा वाजवतो, पेनड्राइव्हवरून. डीजेवाल्याला रोख, आचाऱ्याला रोख. गायकाला? ‘भाऊ, लिंक धाड ना!’ धाडली, तर जाहिरात तरी स्किप करू नका.