अंथरुणातली मिस्सा

बाराव्या पायस पोपनी १९५८ साली असिसीच्या संत क्लाराला दूरचित्रवाणीची आश्रयदाती ठरवले. तेराव्या शतकातल्या या संन्यासिनीला आजारपणामुळे नाताळच्या मिस्सेला जाता आले नाही, तेव्हा ती तिला खोलीतच दिसली आणि ऐकू आली, अशी परंपरा आहे. तीही रिचार्ज न मारता. थोडक्यात, घरबसल्या मिस्सेला चांगला जुना आधार आहे. फक्त एक तपशील आपण सोयीने विसरतो. क्लारा अंथरुणाला खिळलेली होती; आपण नुसते अंथरुणात असतो.

मार्च २०२० मध्ये वसईपासून व्हॅटिकनपर्यंत बाके ओस पडली, तेव्हा यूट्यूबने लाज राखली, हे मान्यच. पण टाळेबंदी उठली तरी काहीजण उठले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की फादर तेच, प्रवचन तेच, उलट घरी शब्द न् शब्द ऐकू येतो. येतही असेल. प्रश्न फादरांचा नाहीच, शेजाऱ्याचा आहे. शांतीचे अभिवादन करायची वेळ येते, तेव्हा वाडीच्या बांधावरून वैर धरलेला भाऊबंद नेमका मागच्या बाकावर निघतो आणि चारचौघांदेखत त्याच्याकडे वळून हात जोडावे लागतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर येशू सांगतो, दान वेदीपाशीच ठेव आणि आधी भावाशी समेट कर. मोबाइलवर तो भाऊ कुठे शोधायचा? गाण्याचीही तीच गत. व्हिडिओ कॉलवर प्रत्येकाचा आवाज क्षणभर मागेपुढे पोचतो, म्हणून सगळ्यांना म्यूट करून एकट्याला गायला लावतात. चर्चमध्ये बेसूर काकांना म्यूट करायची सोय नसते. मग बाकीचे त्यांच्यावर ताण करून गातात आणि कॉयरला वाटते, भक्ती वाढली!

घरी चित्त जास्त एकाग्र होते, असेही सांगतात. प्रवचन पुढे ढकलायची सोय बोटाखाली असताना एकाग्र होणाऱ्या माणसाला खरे तर संतपदच द्यायला हवे. मग गुडघे गेलेल्या आजीने काय करायचे? तिने खुशाल मोबाइल लावावा. क्लारा तिचीच आहे. तरी ख्रिस्तप्रसाद घेऊन कुणीतरी तिच्या घरी जातेच, कारण तो डाउनलोड होत नाही. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२ सालीच लिहून ठेवले आहे. आजीची तक्रार मात्र निराळी असते: कॅमेरा सारखा वेदीवरच रोखलेला, कोण कोण आले होते ते मेले दिसतच नाही.