एअर धरलीय!

सोलापुरात मोटारीचे बॉनेट उघडण्यास एका माणसाचे बळ पुरते. पण ते उघडताच भोवती पाच माणसे जमतात, आणि त्या पाचांत एक गृहस्थ हटकून असा असतो की, ज्याला कोणी बोलावलेले नसते, ज्याची स्वतःची सायकल दसऱ्यापासून पंक्चर होऊन भिंतीला टेकलेली असते, आणि जो त्या उघड्या इंजिनाकडे, एखादा मामलेदार कुळाच्या दरखास्तीकडे पाही तसा, म्हणजे न वाचताच फैसला देण्याच्या प्रसन्न तयारीने पाहत असतो. आमच्या साखर पेठेत या गृहस्थांना अण्णा म्हणतात. दुसऱ्या पेठेत नाव निराळे असेल, गुण तेच.

अण्णा एके काळी गिरणीत जॉबर होते. गिरणीचा भोंगा थांबला, परंतु दुसऱ्याच्या यंत्रापाशी पाठीमागे हात बांधून उभे राहण्याची वृत्ती थांबली नाही. आणि सकाळचा चहा व दुपारची झोप यांच्या दरम्यान जो विस्तीर्ण मुलूख निवृत्त माणसाच्या वाट्याला येतो, तो त्यांनी नादुरुस्त वाहनांना इनाम देऊन टाकला. त्यांचे निदान एकच: "एअर धरलीय." ट्रॅक्टर असो, रिक्षा असो, शेजारणीचे शिवणयंत्र असो, फैसला ठरलेला. विहिरीवरच्या एका पंपाच्या बाबतीत तो पूर्वी कधीतरी अक्षरशः खरा ठरला होता, आणि एका खऱ्या निदानाच्या व्याजावर माणूस किती वर्षे गुजराण करू शकतो हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने अण्णांकडे पाहावे. मात्र गेल्या दिवाळीत एका टेम्पोची एअर काढण्याचा हुकूम त्यांनी सोडला, दोघा पोरांनी अर्धा तास घाम गाळला, आणि अखेर टाकीत डिझेलच नसल्याचे उघडकीस आले. वास्तविक टाकी कोरडी झाली की नळीत हवा शिरतेच, म्हणजे अण्णा तसे निर्दोष होते. पण आमच्या पेठेत अपील चालत नाही. पोरे त्यांना 'एअरअण्णा' म्हणू लागली, आणि दुखावलेल्या अण्णांनी त्या शब्दाशी असलेले जन्माचे नाते तोडले.

अशा मनःस्थितीत असताना, गड्ड्याची यात्रा पांगल्यानंतरच्या एका थंड सकाळी, टॉवेलांचे गठ्ठे लादलेली माझ्या पुतण्याची पिकअप ट्रान्सपोर्टला निघेना. आठ दिवस तिचा हाच हट्ट चालला होता: पहाटे दहा-बारा वेळा सेल्फ मारावा, तेव्हा कुठे खोकत, धूर ओकत ती लागे, आणि एकदा लागली की दुपारभर किल्ली फिरवताच मुकाट्याने चालू होई.

"बॅटरी उतरलीय," अण्णा म्हणाले. पुतण्याने पुढचे दिवे लावून सेल्फ मारला. इंजिन जोमाने फिरले, दिवे फारसे मंदावले नाहीत, आणि बॅटरी सन्मानाने दोषमुक्त झाली. "मग हीटर गेला की वो," अण्णांनी दुसरा आरोपी हजर केला. उन्हाळ्यात पारा बेचाळिसाच्या पलीकडे जातो त्या गावात थंडीपायी इंजिन अडून बसावे, हे ऐकून आरोपीलाही हसू आले असते. गर्दीतून कोणी 'प्लग साफ करा' म्हणाले, तेव्हा अण्णा कडाडले, "डिझेलला ठिणगीचा प्लग असतोय का बे?" येथे मात्र ते शंभर टक्के बरोबर होते, रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, तेव्हाच त्याने ठिणगीला निरोप देऊन पेटवण्याचे काम दाबून तापलेल्या हवेकडे सोपवले होते.

"अण्णा, एअर तर धरली नसेल?" पुतण्याने भीत भीत विचारले.

"छे!" अण्णांनी चारचौघांवरून नजर फिरवली. "एअर जुन्या गाड्यांना. ह्याला पंप खोलावा लागतोय."

पंप खोलणे म्हणजे पुतण्याच्या महिन्याच्या कमाईवर जप्ती. म्हणून त्याने मिस्त्रीला बोलावले. मिस्त्री आला तो पोऱ्याशी दखनीत, गठ्ठ्यांच्या मालकाशी तेलुगूत आणि फोनवर कोणाशी तरी कानडीत बोलत; इंजिनाशी मात्र काहीच न बोलता त्याने पुतण्याला मराठीत एवढेच विचारले, "सकाळीच त्रास देते ना? दिवसा नाही?" उत्तर ऐकून त्याने डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबला. तो दोन-चार दाबांत टणक व्हावयाचा, तो भिजक्या चिंधीसारखा दबतच राहिला. फिल्टरवरचा स्क्रू सैल करताच डिझेलऐवजी साबणासारखा फेस बुडबुडत वर आला. मग तो गाडीखाली शिरला आणि टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीच्या टोकाला, क्लिपेखाली, केसाएवढी चीर त्याने नखाने उघडून दाखवली. त्या नळीतून इंजिन डिझेल शोषून घेत असल्यामुळे चिरेतून बाहेर थेंब गळत नव्हता, उलट हवा तेवढी आत जात होती. रात्रभरात नळीतले डिझेल टाकीकडे परत उतरे, आणि पहाटे इंजिनाला नुसता वारा प्यावा लागे. त्याने नळीचे दोन बोटे टोक कापले, नवी क्लिप आवळली, हातपंप टणक होईपर्यंत दाबला. दुसऱ्या सेल्फला गाडी लागली.

"काय होतं वो?" गर्दीने विचारले.

"एअर धरली होती," मिस्त्री हात पुसत म्हणाला.

क्षणभर कोणी बोलले नाही. अण्णांच्या मुद्रेवर प्रथम जी कळा पसरली ती पराभवाची होती. परंतु पाहता पाहता तिचे रूपांतर, चाळीस वर्षे रखडलेला दावा एकाएकी आपल्या बाजूने सुटलेल्या फिर्यादीच्या मुद्रेत झाले. त्यांनी वाकून रस्त्यावरचा नळीचा तो तुकडा उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि खिशात घातला.

हल्ली तो तुकडा चहाच्या हॉटेलात त्यांच्या बशीशेजारी असतो. परवा हॉटेलवाल्याचा फ्रीज चालेना, तेव्हा अण्णांनी तो टेबलावर ठेवला आणि नुसते त्याच्याकडे बोट केले.