लखनौला तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळावा म्हणून काही सूचना

लखनौचे एकच चुकते. इथे रांग लागत नाही.

मराठी यात्रेकरूला पुण्य रांगेत मिळते. ‘आम्हाला अडीच तास लागले’ असे कुणी म्हटले, की दुसरा ‘आम्हाला सात’ म्हणून त्याची बोलती बंद करतो, आणि ओळखीने व्हीआयपी पास काढलेला तिसरा दोघांकडे बघून नुसता हसतो. अयोध्या, काशी, प्रयाग या गावांना हा हिशेब कळतो. लखनौ बिचारे अधेमधे सापडले आहे. अयोध्येला डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःचा विमानतळ मिळाला, तरी पुण्या-मुंबईची मंडळी अजूनही लखनौला उतरतात, पोहे मिळत नाहीत म्हणून हळहळतात, चिकनकारीचे कुर्ते घेतात आणि अयोध्येच्या बसमध्ये जाऊन बसतात. यात्रेच्या पत्रकात या शहराच्या वाट्याला ‘फ्रेश होणे’ एवढेच येते.

वेळ उरलाच तर बडा इमामबाडा. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून नवाब असफुद्दौल्याने तो बांधायला काढला. म्हणजे आपली रोजगार हमीच, फक्त खडी फोडण्याऐवजी सुमारे पन्नास मीटर लांबीचे, मधे एकही खांब नसलेले दालन उभे राहिले. मस्टरवर मेलेली माणसे होती का, हे गाइड सांगत नाही. दंतकथा मात्र सांगतो, की दिवसा मजूर बांधायचे आणि रात्री अंधारात आलेले खानदानी गरजू त्यातले काही पाडायचे, मजुरी दोघांनाही. आमच्या बसमध्ये याचे कुणालाच नवल वाटले नाही. आपल्याकडे रस्ता करणारा विभाग वेगळा, पाइप टाकायला तो उखडणारा वेगळा, आणि दोघेही भरदिवसा येतात. चपला काढायला लावल्या, तेवढ्यावरून काकूंनी जागा पवित्र असल्याचे मान्य केले.

खऱ्या अर्थाने लखनौ तीर्थ होते ते ज्येष्ठातल्या मंगळवारी. त्याला तिथे बडा मंगल म्हणतात. पारा चाळिशीपार, आणि मारुतीच्या नावाने रस्तोरस्ती मांडव. येईल त्याच्या हातात पुरी-भाजी, सरबत. अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराशी नवाबाच्या बेगमेचे नाव जोडले जाते, कळसावर चंद्रकोर आहे, आणि वाढणाऱ्यांत मुसलमानही असतात. हे ऐकल्यावर आमच्यातले एक काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘निवडणूक जवळ आली असेल.’

पण मराठी माणसाचे स्वतःचे देवस्थान कैसरबागेत आहे, आणि तिथे बस थांबत नाही. वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी १९२६ साली इथे संगीताचे कॉलेज काढले. जागा वाजिद अली शाहच्या परीखान्याची. नवाब जिथे पऱ्यांना गाणे-नाचणे शिकवी, तिथे आमच्या वकीलसाहेबांनी दहा थाट, वेळापत्रक आणि परीक्षा आणली. उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून गोळा केलेल्या चिजा त्यांनी स्वरलिपीत छापून सहा भागांत काढल्या. घराण्याचे कुलूपबंद धन किमतीसकट दुकानात आले! पुढे वर्षानुवर्षे प्राचार्य होते श्रीकृष्ण रातंजनकर, तेही मुंबईचेच. तलत महमूद शिकला तो इथे. एवढे सगळे करून भातखंड्यांनी पाटीवर नाव कुणाचे लावले? गव्हर्नर मॅरिस यांचे. भातखंड्यांचे स्वतःचे नाव लागले १९६६ साली, ते गेल्यानंतर तीस वर्षांनी. आपल्याकडे आधी नावाचा फलक लागतो, मग भूमिपूजन होते, आणि कॉलेजचे पुढच्या सरकारात बघू म्हणतात. असा माणूस देव होणार कसा?

तरीही प्रयत्न करून बघावा. दहा थाटांच्या दहा प्रदक्षिणा ठेवाव्यात. बिलावल मोफत, तोडीला शंभर रुपये, आणि भैरवीचे शीघ्रदर्शन पाचशे. बाहेर तंबोऱ्याच्या आकाराचे पेढे मिळावेत. यमन ऐकल्याने मुलीचे लग्न जमते, एवढे एकदा व्हॉट्सअॅपवर गेले की पुढचे काम मावशी आणि आत्या करतील. भाविक वाढले की विश्वस्त मंडळ येईल, मंडळ आले की त्यात दोन गट पडतील, आणि मूळ तंबोरा कुठल्या खोलीत ठेवावा यावरून प्रकरण कोर्टात जाईल. भातखंड्यांनी स्वतः वकिली केलेली होती. आपल्या देवळाचा खटला किती वर्षे चालेल, हे त्यांनी अचूक सांगितले असते.