नुरा कुस्ती आणि दोन जॉयस्टिक

"काकू, काल रात्री तुमच्या खोलीत कोण कोणाला मारत होतं हो? भिंतीपलीकडून नुसतं 'घे, घे, पाड त्याला' ऐकू येत होतं. मी म्हटलं, अण्णांनी या वयात परत शड्डू ठोकला की काय!"

काकू कठड्यापाशी पाटावर बसून कोळंबी सोलत होत्या. लालबागच्या चाळीत दोन बिऱ्हाडांमध्ये कुंपण नसतं. गॅलरीचा एकच लांब कठडा असतो, आणि त्यावर टॉवेल कोणाचाही असला तरी कान सगळ्यांचे असतात.

"अगं, नातू आलाय ठाण्याहून. येताना तो प्लेस्टेशन घेऊन आलाय. त्यात ती डब्ल्यूडब्ल्यूई. पैलवानाच्या अंगावरचा घामसुद्धा दिसतो गं! मला मेलीला जेवण गेलं नाही."

"आमच्या वेळी पैलवानाला नाक असलं तरी पुष्कळ होतं."

हे ऐकलं मात्र, आत पेपर वाचत बसलेले अण्णा खुर्ची ओढत बाहेर आले. अण्णा कराडकडचे. गिरणीच्या साचेखात्यात उमेदीची वर्षं घालवली, ब्याऐंशीच्या संपात घरी बसले ते बसलेच. कुस्तीचं नाव निघालं की त्यांचे गुडघे दुखायचे थांबतात.

"तुमच्या वेळी म्हंजे कवा?" अण्णांनी विचारलं.

म्हटलं, अण्णा, नव्वदच्या दशकात. तुमच्याच या गॅलरीत तर टीव्ही गेमचा फड लागायचा, विसरलात? बाबा लॅमिंग्टन रोडवरून त्या गेमचा डबा घेऊन आले होते. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या रस्त्यावर घासाघीस करायची ती लॅमिंग्टन रोड म्हणूनच. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ साली फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं, त्याच्या नकला आपल्याकडे नाना नावांनी यायच्या. कोणाकडे मिडिया, कोणाकडे लिटल मास्टर. समुराई नावाचाही एक होता, तो जरा ऐपतवाल्यांकडे. आमच्या डब्यावर काय लिहिलं होतं ते पुसून गेलं होतं, म्हणजे तो किती हातांतून आला असेल बघा.

"आणि सोबत ती कॅसेट," काकू म्हणाल्या. काकूंना सगळं आठवतं. "पिवळी. तिच्यावर नऊ-नऊ-नऊ लिहिलेलं."

हो, नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव गेम! प्रत्यक्षात दहा-बारा, तेच ते फिरवून फिरवून. पण त्यात एक कुस्तीचा निघाला. अक्षरं सगळी जपानी, त्यामुळे नावं आम्हीच ठेवली. एक शिंगवाला, एक शेंडीवाला, एक सहा हातांचा. सहा हातवाला कोणी घ्यायचा यावरून गॅलरीत खऱ्या मारामाऱ्या झाल्या. हा कोणता गेम ते मला फार पुढे कळलं. 'किन्निकुमान' नावाची जपानी मुलांची चित्रकथा होती, तिच्यावरून बांदाई कंपनीने १९८५ साली काढलेला. तिकडे तो दहा लाखांच्या वर खपला म्हणे. आपल्यापर्यंत पोचला तो निव्वळ लहान होता म्हणून. त्या काळचे ते सुरुवातीचे गेम चाळीस किलोबाइटच्या आतले. आज काकूंना फोनवर सकाळी जो गुलाबाचा फोटो येतो, तो याहून मोठा असतो. म्हणून नकलाकारांना एका कॅसेटमध्ये असे डझनभर कोंबता यायचे. मोठे गेम मावायचे नाहीत, त्यांची वेगळी कॅसेट विकत घ्यावी लागायची.

"मग डाव काय असायचं त्यात?" अण्णा मुद्द्यावर आले.

"डाव असा नाही. मध्येच एक पोरगा बाहेरून चमकणारा चेंडू फेकायचा. तो ज्याला मिळेल त्याच्या अंगात जोर यायचा."

"चेंडूवर कुस्ती?" अण्णांनी काकूंकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तो चेंडू काकूंनीच फेकला. "ह्याला काय कुस्ती म्हनायची व्हय? ढाक न्हाई, घिस्सा न्हाई, कलाजंग न्हाई…"

"अण्णा, बटणं दोनच होती. त्यात कलाजंग कुठून बसवणार?"

त्यावर ते जरा विचारात पडले. दोन बटणांत कुस्ती बसवायची ही त्या जपान्यांची खरोखरच पंचाईत होती. ती सगळ्यात छान सोडवली मासातो मासुदा नावाच्या माणसाने. निन्टेन्डोचा 'प्रो रेसलिंग' त्याने केलेला, जपानात १९८६ साली आला. जवळ गेलं की दोघे आपोआप एकमेकांना धरतात, मग कोणतं बटण आणि कोणती दिशा यावर डाव ठरतो. पंच धावत येऊन मोजायचा, रिंगणाबाहेर कॅमेरावालासुद्धा उभा. जिंकलं की पडद्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत अभिनंदन यायचं, त्याची अमेरिकेत अजून थट्टा करतात. आपण हसायचं कारण नाही, आपल्या दुकानांच्या पाट्या काय कमी आहेत?

मग पोरांना खरे फायटर हवे झाले. केबल आली होती ना. खाली केबलवाल्याची वायर गॅलरीतून गॅलरीत गेली आणि तिच्यातून हल्क होगन चाळीत शिरला. ट्रम्प कार्डं आली. ज्याला गणितात सात-आठचा पाढा येत नव्हता, त्याला प्रत्येक फायटरची उंची, वजन, छाती आणि जिंकलेल्या लढती तोंडपाठ.

"आमच्या धाकट्याने दप्तरात कार्डं नेली म्हणून बाईंनी मला बोलावून घेतलं होतं," काकू म्हणाल्या. "तू होतीस की मागच्या बाकावर, तूच दिली असणार."

हा विषय मी लगेच बदलला. म्हटलं, डब्ल्यूडब्ल्यूएफचा, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा, घरी खेळायचा पहिला निन्टेन्डोवाला गेम १९८९ साली इंग्लंडच्या रेअर कंपनीने केला. त्यात सहाच फायटर. होगन, सॅव्हेज, आंद्रे द जायंट, टेड डिबियासी, बॅम बॅम बिगेलो आणि तो गिटारवाला हाँकी टाँक मॅन. पुढे १९९२ साली पिंजऱ्यातल्या कुस्तीचा आला. तो आपल्या खालच्या मजल्यावर होता, त्यांनी जुनी कॅसेट आणि वर पैसे देऊन बदलून आणलेला. दोन धिप्पाड फायटर शेजारी आले की चित्र लुकलुकायला लागायचं. आम्ही टीव्हीला थापा मारायचो, अँटेना पिरगाळायचो. दोष टीव्हीचा नव्हताच. त्या यंत्राला एका आडव्या ओळीत फक्त आठ हलते तुकडे दाखवता यायचे. नववा आला की कोणाला तरी गायब व्हावं लागे. म्हणजे आंद्रेचं पोट दिसायचं तेव्हा होगनचा हात नाहीसा!

"पण काय गं," काकूंनी आवाज खाली आणला, जणू अण्णा बहिरे आहेत, "ते सगळं खोटंच असतं ना? आधी ठरलेलं?"

झालं. अण्णांसमोर हे विचारायचं नसतं.

आता अण्णा बोलायच्या आत मला माझं म्हणणं मांडायचं होतं, ते मी घाईघाईत मांडून टाकलं. बघा काकू, टीव्हीवरची ती नुरा कुस्तीच. डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीच कबूल करून बसलीय. १९८९ सालीच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे त्यांच्या लोकांनी सांगितलं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. कारण काय, तर खेळ म्हटलं की सरकारची देखरेख आली, कर आला. आणि गंमत पाहा, त्याच वर्षी तो रेअरवाला गेम आला. तिकडे होगन जिंकणार की सॅव्हेज हे ऑफिसात बसून कोणीतरी लिहायचं. इकडे आपल्या गॅलरीत ते कोणालाच माहीत नसायचं. कोणाचा अंगठा आधी थकेल त्यावर ठरायचं. जगात डब्ल्यूडब्ल्यूएफची खरी, निकाली कुस्ती कुठे झाली असेल तर ती त्या लुकलुकणाऱ्या टीव्हीत झाली. अस्सल फायटर खोटं लढत होते, आणि ती नाक नसलेली बाहुली खरं लढत होती.

अण्णा गप्प होते. मग म्हणाले, "दारासिंगला बी तसंच म्हन्त्यात."

आणि मग ते सुरू झाले. वरळीचं वल्लभभाई पटेल स्टेडियम. मे १९६८. अमेरिकेचा लू थेझ आणि आपला दारासिंग, जागतिक अजिंक्यपदासाठी. अण्णा तेव्हा मुंबईत नुकते आलेले, मिशी फुटायची होती. लालबागहून वरळीला चालत गेले, कारण बसचे पैसे तिकिटात घातले होते. दारासिंग जिंकला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने त्यांना उचललं होतं म्हणे. त्याआधी दारासिंग आणि किंगकाँग नावाच्या पैलवानाच्या कुस्त्यांच्या गोष्टी त्यांनी गावी ऐकल्या होत्या.

"ठरल्यालं असंल तर असू दे. दोनशे किलोचा मानूस डोक्यावर उचलायचा, ह्ये कागदावर लिहून हुतंय व्हय?"

याला उत्तर नाही. मी दिलंही नाही. मुंबई अशा कुस्तीला फ्रीस्टाइल म्हणायची, तालमीतली ती कुस्ती वेगळी. गिरणगावात दोन्हींचे शौकीन एकाच खोलीत राहायचे. कोल्हापूर-साताऱ्याचा गडी पहाटे लाल मातीत मेहनत करून पाळीवर जायचा आणि रविवारी दारासिंग बघायला वरळी गाठायचा. त्याला फरक कळायचा. आपल्याला वाटतं की जुन्या लोकांना फसवलं. माझं मत विचाराल तर ते फसले नव्हते, त्यांना तमाशाही आवडायचा आणि फडही. अण्णांच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. त्यांचा एखादा गेम काढावा असं इतक्या वर्षांत कोणाला सुचू नये? लाल माती, हलगी, धोबीपछाड. आता तर बटणंही भरपूर आहेत.

"अंडरटेकर सांग त्यांना," काकू म्हणाल्या. काकूंना डब्ल्यूडब्ल्यूएफचा हा फायटर आवडायचा. तुळशीला पाणी घालता घालता त्याची एन्ट्री बघायच्या.

चाळीत पक्की बातमी होती की अंडरटेकर सात वेळा मेला आणि परत आला. दुसरी बातमी, अंडरटेकर दोन आहेत. ही दुसरी मात्र बऱ्यापैकी खरी निघाली! १९९४ च्या समरस्लॅममध्ये कंपनीने ब्रायन ली नावाच्या माणसाला अंडरटेकर बनवून खऱ्या अंडरटेकरसमोर उभा केला होता. आणि १९९६ साली 'खिलाडियों का खिलाडी'त अक्षयकुमारने ज्याला उचलला तो हाच ब्रायन ली. खालच्या मजल्यावरचा दादा तेव्हा पैज हरला होता, ती मी अजून वसूल केलेली नाही.

१९९५ च्या रेसलमेनियावाल्या आर्केड गेममध्ये तर अंडरटेकरच्या हातातून भुतं निघायची आणि बॅम बॅमच्या अंगातून आग. फोटो काढून बनवलेले फायटर, दिसायला अगदी खरे, आणि वागायला जादूच्या प्रयोगातले. मला तो फारसा आवडला नाही. भुतं सोडायची तर कुस्ती कशाला?

त्यातल्या बहुतेक गेमांचा मुख्य डाव एकच, बटण बडवणं. धरलं की जो जास्त भराभर दाबेल तो पाडणार. जॉयस्टिकच्या आतलं रबर त्याने झिजायचं, त्याखालचा काळा कार्बन उडायचा. मग स्क्रू उघडून सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून चिकटवायची. चांदी अण्णांच्या पाकिटातली.

"म्हंजे माजी चारमिनार तू उघडत हुतीस?"

"अण्णा, तुम्ही चोरून प्यायचात, म्हणून मला कोणाला सांगता येत नव्हतं."

काकूंचा हात कोळंबीवर थांबला. मी परत विषय बदलला.

पुढे प्लेस्टेशन आलं आणि गॅलरीतला फड मोडला. यंत्र महाग, म्हणून नाक्यावर पार्लर निघालं. आत चिप बसवलेली मशीन, रस्त्यावरच्या सीडी, तासाचे पैसे. सन २००० मध्ये 'स्मॅकडाउन' आला, त्यात आपला फायटर आपण बनवायचा. पोरांनी कोणाला बनवावं? भाडं वसूल करायला येणाऱ्या मेहताजींना! टक्कल, पोट, धोतराच्या जागी पांढरी विजार. महिनाभर रोज मेहताजी चीत होत होते. मला हे सगळं ऐकून माहीत, कारण पार्लरमध्ये मुली जात नसत. गॅलरीत मी सहा हातवाला घेऊन भल्याभल्यांना लोळवलं होतं, पण पार्लरच्या दारात पडदा होता, आणि आत मोठी मुलं. तिथे माझी कुस्ती संपली. गेम चांगले होत गेले हे खरं, अंडरटेकरला नाक आलं, घाम आला. पण सगळ्यांदेखत हरायची ती जागा गेली. तुमचा नातू रात्री ज्याच्याशी ओरडत होता तो माणूस कुठल्या देशात बसलाय हेही त्याला ठाऊक नसेल.

"मग खेळ की आता त्याच्याबरोबर," काकू म्हणाल्या.

"त्याच्याकडे जॉयस्टिक एकच आहे. विचारलं मी."

अण्णांनी घसा खाकरला. "त्यो तुजा जुना डबा हाय का अजून? दोन बटणांचा?"

डबा आहे. माळ्यावर आहे, अ‍ॅडॉप्टर गेलाय तेवढा, तो लॅमिंग्टन रोडला मिळेल. पिवळी कॅसेट मात्र कोणीतरी नेली ती परत आलीच नाही. तेव्हा या मजल्यावर किंवा खालच्या, कोणाच्या ट्रंकेत ती निघाली तर भंगारवाल्याला देऊ नका, आमच्याकडे आणून द्या. आणि चालेना म्हणून तोंडाने फुंकू नका. आपण सगळे फुंकायचो, पण तोंडातल्या ओलाव्याने कॅसेटच्या पिना गंजतात. खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कोरड्या कापडाने झटका, मग लावा. दुसरी जॉयस्टिक असेल तर तीही घेऊन या, अण्णांना सहा हातवाला हवाय.